गळक्या वर्गाचा कागद: गावच्या शाळेची गरज मंजुरीपर्यंत कशी पोचते

जिल्हा परिषदेच्या शाळेत काय कमी आहे हे गावात कुणालाही विचारा, तो उभ्या उभ्या सांगेल. तिसरीच्या वर्गाचे पत्रे गळतात. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही. वस्तीवरच्या चार मुली सातवीनंतर घरी बसल्या, कारण पुढची शाळा सहा किलोमीटरवर आहे. दिवाळी झाली की तांड्यावरची निम्मी मुले साखर कारखान्यावर जातात. हे सगळे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी पाच-पाच वर्षे त्यात फरक पडत नाही. निधी कमी पडतो हे त्याचे एक कारण आहे, आणि ते खोटे नाही. पण जो निधी असतो तोही ज्या शाळांची गरज योग्य वहीत आणि योग्य महिन्यात लिहिली गेली, त्यांच्याकडे आधी जातो. ही वाट शिक्षकांना माहीत असते. पालकांना ती कुणी सांगत नाही, म्हणून इथे ती सुरुवातीपासून सांगतो.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत ही समिती बंधनकारक केली. त्याआधी गावात ग्राम शिक्षण समिती असे. तिच्यात पुढाऱ्यांचा भरणा असायचा आणि पालक नावापुरते असायचे. नव्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते. म्हणजे बारा सदस्य धरले तर किमान नऊ पालक आणि किमान सहा बायका. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्यायच्या. दर दोन वर्षांनी समिती नव्याने निवडायची आणि महिन्यातून एकदा तरी सभा घ्यायची.

प्रत्यक्षात काय होते, तेही लिहिले पाहिजे. अनेक गावांत सभा होतच नाही. प्रोसिडिंग बुक एखाद्या मुलाबरोबर घरोघरी फिरते आणि चुलीपाशी बसलेली माता सदस्य काय लिहिले आहे ते न वाचता सही करते. सभा झालीच तर ती सकाळी अकराला ठेवतात. खुरपणीला गेलेल्या बाईला त्या वेळी येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा हीच वाटते: सभा संध्याकाळी साडेसहाला घ्या, आणि गुरुजींनी इतिवृत्त सर्वांसमोर मोठ्याने वाचून मगच सह्या घ्या. त्याला एक पैसाही लागत नाही.

समितीचे सर्वांत महत्त्वाचे काम शाळा विकास आराखडा करणे हे आहे. कायद्याच्या कलम २२ नुसार हा तीन वर्षांचा आराखडा समितीने करायचा आणि सरकारने शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार तोच असायचा. त्यात पुढच्या तीन वर्षांतली वर्गवार पटसंख्या, त्यासाठी लागणारे शिक्षक, खोल्या आणि इतर सोयी असे सगळे येते. कायद्याच्या परिशिष्टात शाळेत किमान काय असलेच पाहिजे याची यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहे, पुरेसे आणि सुरक्षित पिण्याचे पाणी, अडथळा नसलेला प्रवेश, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण, ग्रंथालय. ही यादी मोठ्या अक्षरांत शाळेच्या भिंतीवर लावावी आणि तिच्याशी आपली शाळा ताडून पाहावी. निम्मा आराखडा तिथेच तयार होतो.

आता तो गळका वर्ग घेऊ. मुख्याध्यापक दरवर्षी ‘यूडायस प्लस’ नावाची माहिती भरतात. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो आणि माहितीसाठी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरतात. त्यात इमारतीबद्दल प्रश्न असतात: खोल्या किती, त्यांतल्या सुस्थितीतल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती; स्वच्छतागृह आहे का, आणि असले तर वापरता येते का. जिल्हा आणि राज्य पातळीवर बसलेल्या माणसाला शाळा दिसते ती या आकड्यांतून. खोली मोठ्या दुरुस्तीची असताना गेल्या वर्षीचाच ‘सुस्थितीत’ हा शेरा पुढे गेला, तर वर बसलेल्याच्या दृष्टीने तिथे काही अडचणच नाही. स्वच्छतागृह बांधलेले आहे पण नळाला पाणी नाही आणि दाराला कुलूप आहे. तिथे ‘आहे’ लिहिले की ती शाळा पाहणाऱ्याच्या यादीतून गळते. म्हणून माझा आग्रह असा की सप्टेंबरच्या मासिक सभेत ही माहिती समितीसमोर वाचावी. दोन पालकांनी मुख्याध्यापकांबरोबर शाळेला एक फेरी मारली, प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक दार उघडून पाहिले, तर अर्ध्या तासात खरे चित्र समोर येते.

ही माहिती शाळेकडून केंद्रप्रमुखांकडे, तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पुढे जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. त्यावरून जिल्ह्याचे वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक बनते, राज्यात महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद ते एकत्र करते आणि दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळ मान्यता देते. २०१८ पासून हे सारे ‘समग्र शिक्षा’ या नावाखाली चालते. महाराष्ट्रासाठी खर्चाचा वाटा केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. वर्गखोल्यांच्या दुरुस्तीला याशिवाय जिल्हा नियोजन समितीकडूनही पैसा मिळतो, आणि बऱ्याच जिल्ह्यांत तीच वाट जवळची ठरते.

खोली दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर प्रकरण वेगळे होते, आणि इथेच गावे अडकतात. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची मालमत्ता असते, त्यामुळे धोकादायक झाली तरी गावाला ती परस्पर पाडता येत नाही. तिचे आधी ‘निर्लेखन’ व्हावे लागते. समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, खोलीचे फोटो आणि बांधकामाचे वर्ष, असा प्रस्ताव पंचायत समितीत द्यायचा. मग बांधकाम विभागाचा अभियंता येऊन पाहणी करतो, खोली वापरास अयोग्य असल्याचा दाखला देतो, आणि जिल्हा परिषदेच्या मंजुरीनंतर ती पाडता येते. तोवर ती खोली कागदावर उभीच असते. मुले ओसरीत किंवा समाजमंदिरात बसतात, आणि खोल्यांचा हिशेब मांडणाऱ्याला वाटते शाळेत खोल्या पुरेशा आहेत. नवी खोली मागितल्यावर ‘तुमच्याकडे आहेत की’ असे उत्तर मिळते, ते त्यामुळे. नवी खोली हवी असेल तर जुन्या खोलीच्या निर्लेखनाचा कागद आधी पुरा करा, हे मला प्रत्येक समिती अध्यक्षाला सांगावेसे वाटते.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत पावसात कोसळले आणि तीन मुले दगावली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत धोकादायक खोल्यांच्या याद्या झाल्या. आपल्या शाळेची एखादी खोली अशा यादीत आहे का, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारता येते. विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि यादीत असलेल्या खोलीत वर्ग भरत असेल, तर तो त्याच दिवशी बंद करावा. कागद मागाहून होतात.

खोली मंजूर झाल्यावरही चार टप्पे उरतात: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश आणि मग काम. अंदाजपत्रकाची प्रत समितीने मागून घ्यावी. पाया किती खोल, छत कसले, पत्रा किती जाडीचा, हे त्यात लिहिलेले असते. गावात गवंडीकाम करणारा एक तरी पालक असतोच. त्याच्या हातात ती प्रत दिली की कामावर आपोआप लक्ष राहते. काम पुरे झाल्यावर पुढच्या यूडायसमध्ये नवी खोली वाढवायला आणि जुनी कमी करायला विसरू नये.

मोठ्या कामांबद्दल एवढे. रोजची शाळा मात्र वेगळ्याच पैशावर चालते, आणि तो पैसा किती थोडा असतो ते पालकांनी एकदा समजून घ्यावे. समग्र शिक्षेतून शाळेला संयुक्त अनुदान मिळते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत, ३१ ते १०० पटाला २५,००० पर्यंत, १०१ ते २५० ला ५०,००० पर्यंत, त्यापुढे १,००० पटापर्यंत ७५,०००. आता ४५ मुलांची दोनशिक्षकी शाळा धरा. २५,००० पूर्ण मिळाले तरी महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरे, बल्ब, नळाची तोटी, फळ्याचा रंग, कडीकोयंडा. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपये. दोनशे रुपयांत स्वच्छतागृह महिनाभर कोण साफ करून देईल? अनेक शाळांत हे काम मुलांवर किंवा शिक्षकांवर येते ते या हिशेबामुळे. त्यातच हा पैसा बहुधा वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत उपलब्ध होतो आणि ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर खर्चाची मर्यादा परत जाते. म्हणून समितीने खर्चाची यादी डिसेंबरमध्येच ठराव करून तयार ठेवावी. दर मागवलेले असले, दुकान ठरलेले असले, तर मार्चमध्ये नको त्या वस्तू घाईने घ्याव्या लागत नाहीत.

पाणी आणि स्वच्छतेसाठी याहून मोठा हात ग्रामपंचायतीचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. शाळेच्या टाकीपर्यंतची जलवाहिनी, हात धुण्याचे नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसतात. अट एकच, ती आराखड्यात लिहिलेली असली पाहिजेत, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. शाळेच्या समितीत ग्रामपंचायतीचा एक सदस्य असतोच. त्याने समितीचा ठराव ग्रामसभेत मांडायचा. तो मांडत नसेल तर पालकांनी स्वतः उठून मांडावा. ग्रामसभेत तो अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

मुलांना आधार देण्याचा भाग इमारतीपेक्षा अवघड आहे, कारण त्याचे फोटो काढून पाठवता येत नाहीत.

दुपारच्या जेवणाबद्दल थोडक्यात. २०२१ पासून योजनेचे नाव ‘पीएम पोषण’ झाले. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने देणारे जेवण मिळायला हवे. तांदळाचे प्रमाण अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम. पहिली ते पाचवीची ४५ मुले जेवली तर त्या दिवशी साडेचार किलो तांदूळ शिजला पाहिजे. वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये लिहायचे, असा नियम आहे. आठवड्यातून एक दिवस एका आईने यावे, चव घ्यावी, सही करावी. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही त्याचा आधार वाटतो. डाळ कमी आली तर ती त्यांची चूक नव्हती, हे कुणीतरी पाहिलेले असते.

सगळ्यात जास्त काळजी करावी असा प्रश्न स्थलांतराचा. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग इथली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असते. जोडीला ‘कोयता’ म्हणतात. आई-बाप दोघेही गेल्यावर मूल घरी कुणाजवळ ठेवायचे? आजी असेल तर राहते, नाही तर मूल तोडीच्या ठिकाणी, थळावर जाते. तिथे थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, वाढे बांधते, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते तेव्हा वर्ग फार पुढे गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षे गेली की मुलगी शाळेत परत येत नाही. पुष्कळदा तिचे लग्न ठरलेले असते.

यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आणि ती कशी चालते हे नीट कळले तरच गावाला तिचा उपयोग होतो. नाव वसतिगृह असले तरी बहुतेक गावांत मुले रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडेच झोपतात. शाळेच्या देखरेखीखाली त्यांना सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते, दुपारचे पोषण आहारातून. म्हणजे घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आजीवर नातवंडाच्या तीन वेळच्या जेवणाचा भार येत नाही, आणि बापाला मूल मागे ठेवायचे धाडस होते. शिक्षक जाणाऱ्या कुटुंबांची पाहणी करतात, मागे राहू शकणाऱ्या मुलांची यादी होते, समिती ठराव करते, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्ह्यात जातो आणि मंजुरीनंतर समितीच जेवण चालवते. अडचण वेळेची आहे. गाड्या दिवाळीला भरतात आणि मंजुरी त्यानंतर येते. तोवर जी मुले गेली ती गेली. म्हणून पाहणी ऑगस्टमध्येच पुरी करून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रस्ताव देणे, आणि मंजुरी येईपर्यंतचे पंधरा-वीस दिवस गावाने धान्य घालून जेवण सुरू ठेवणे, हे ज्या गावाने केले तिथे मुले थांबतात. लोकवर्गणीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

जे मूल आई-बापाबरोबर जाणारच आहे, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असते. त्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि त्याला काय येते याची नोंद करून ते पालकांजवळ द्यायचे. कारखान्याजवळच्या शाळेने त्या कार्डावर मुलाला वर्गात बसवून घ्यायचे. परतताना तिथली नोंद घेऊन मूल आपल्या शाळेत येते. गावच्या शाळेने त्याचे नाव कमी करायचे नाही. कार्ड देताना मुकादमाचे नाव, कारखाना आणि पालकांचा चालू फोन नंबर शाळेने लिहून घ्यावा. २०१७ पासून राज्यात ‘बालरक्षक’ म्हणून स्वेच्छेने काम करणारे शिक्षक आहेत. दोन्हीकडच्या शिक्षकांचा फोनवर संपर्क असला तर मूल वाटेत हरवत नाही.

प्रवासाच्या सोयी लवकर सांगतो. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पहिली ते पाचवीची, तीन किलोमीटरच्या आत सहावी ते आठवीची शाळा नसेल, तर मुलाला वाहतुकीसाठी समग्र शिक्षेतून वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या एसटी गाड्या धावतात. गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल तर आगारप्रमुखांना अर्ज द्यावा आणि त्यासोबत मुलींची यादी, शाळा भरण्या-सुटण्याची वेळ आणि थांब्याचे नाव जोडावे. ‘गाडी वेळेवर सोडा’ एवढेच लिहिलेला अर्ज पडून राहतो.

अपंग मुलांच्या बाबतीत गावे अजून संकोचतात. आई मुलाला घरीच ठेवते, कारण शाळेत त्याला कोण सांभाळेल याची तिला खात्री नसते. समग्र शिक्षेत तालुक्याला विशेष शिक्षक असतात, साहित्य आणि मदतनिसाची तरतूद असते, फारच गरज असलेल्या मुलाला घरी जाऊन शिकवण्याचीही सोय आहे. त्यासाठी मूल यूडायसमध्ये नोंदलेले असावे लागते. रॅम्प तर बहुतेक शाळांत आहे. पण तो इतका उभा बांधलेला असतो की चाकाची खुर्ची कुणी ढकलल्याशिवाय चढत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असा उतार हवा. टेपने मोजून पाहा.

आता वर्गणीकडे येतो. या मातीत शाळा लोकांनीच उभ्या केल्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली ती शेतकऱ्यांच्या धान्यावर आणि श्रमावर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या वारशाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आज वर्गखोली, पाणी, स्वच्छतागृह आणि शिक्षक हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्याची जबाबदारी सरकारची आहे. गावाने वर्गणी काढून पत्रे बदलले, तर त्या वर्षीच्या मागणीतून ती खोली निघून जाते आणि सरकारची जबाबदारी गरीब गावाने उचललेली असते. आधी मागणी नोंदवावी, तिचा पाठपुरावा करावा, आणि वर्गणी सरकारी चौकटीत न बसणाऱ्या कामांना वापरावी: वसतिगृहाचे ते मधले दिवस, वाचनालयातली गोष्टींची पुस्तके, सहलीला पैसे नसलेली मुले, संध्याकाळच्या अभ्यासिकेचे वीजबिल. रोख रकमेची पावती फाडून ती समितीच्या खात्यात भरावी, वस्तू मिळाली तर डेडस्टॉक रजिस्टरला चढवावी. आणि टीव्ही किंवा संगणक देऊ करणाऱ्या दात्याला आधी विचारावे, वीजबिलाचे काय? वीज तोडलेल्या शाळेत कपाटावर झाकून ठेवलेले टीव्ही मी पाहिले आहेत, आणि त्याच शाळेत तीन वर्षांत गोष्टीचे एक नवे पुस्तक आलेले नव्हते.

ज्या समितीला यंदापासून सुरुवात करायची आहे तिने ऑगस्टच्या सभेत स्थलांतराची पाहणी घ्यावी, सप्टेंबरमध्ये यूडायसची फेरी आणि धोकादायक खोलीचा ठराव, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पाण्याचे व स्वच्छतागृहाचे काम घेऊन जावे. सोबत समितीच्या ठरावाची प्रत आणि तारीख टाकलेले फोटो असावेत. ग्रामसभेचा ठराव झाला की त्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायत कार्यालयातून आणावी, कारण निर्लेखनाच्या प्रस्तावाला आणि विकास आराखड्यातल्या कामाला पंचायत समितीत पहिल्यांदा तीच मागतात. प्रस्ताव देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्यावा. पुढच्या महिन्याच्या सभेत तो क्रमांक वाचूनच कामकाज सुरू करावे.